मागची स्क्रीन

पाना बरगडीत बसला तेव्हा प्रोग्रामरला आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर. तो पत्रा दाबायच्या प्रेसच्या पायाशी कोसळला. लॅपटॉप मात्र त्याने पोटच्या पोरासारखा छातीशी धरून ठेवला होता, आणि ते बघून पाना हाणणाऱ्या बाईचं डोकं आणखीच फिरलं.

तिच्या भावाचा उजवा पंजा गेल्या आठवड्यात याच प्रेसखाली गेला होता, आणि प्रेसचा प्रोग्राम याने लिहिलेला होता. आजपासून त्याच्याऐवजी ती कामाला उभी राहणार होती.

"अगं, मारतेस काय! झालंय ते दुरुस्त," म्हणत मुकादम मध्ये पडला. तिने कोपर हाणलं. मुकादमाच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि त्याची मध्यस्थी तिथेच आटोपली. बाकीच्या कामगारांपैकी अडवायला कुणीच पुढे आलं नाही.

"काय चुकलं होतं? मला कळेल असं सांग," ती प्रोग्रामरला म्हणाली.

"ताई, स्क्रीनवरून शब्द जातो ती एक स्ट्रिंग असते, म्हणजे अक्षरांची माळ. शब्द जेवढा, तेवढीच माळ. मशीन जुनं आहे, त्याची माळ ठरलेल्या मापाची. शब्द संपला की उरलेल्या जागी ते कोरे मणी ओवतं." तो तोंडातलं रक्त गिळत होता. "एका जातीची माळ दुसऱ्या जातीत बदलताना ते कोरे मणी काढायचे असतात. मी काढले नव्हते. म्हणून स्क्रीनचं 'थांब' आणि मशीनचं 'थांब' जुळलंच नाही."

"म्हणजे माझा भाऊ थांब दाबत होता..."

"आणि मशीनला वाटत होतं, हे काहीतरी भलतंच आहे."

कोरे मणी! ज्यांत काही नाही, त्यांच्यापायी धडधाकट माणसाचा पंजा गेला. बाईने पुन्हा पाना उचलला. हा घाव खांद्यावर पडला.

"आता जुळतं!" तो किंचाळला. "बदललंय मी. तपासलंय. दाखवतो!"

तो कसाबसा उठला. पुढच्या स्क्रीनवर त्याने 'सुरू' दाबलं. प्रेसचा लोखंडी ठोकळा घरघरत खाली येऊ लागला. त्याने 'थांब' दाबलं, आणि ठोकळा खालच्या बैठकीपासून वीतभर अंतरावर जागच्या जागी थांबला.

"बघ! उगाच तमाशा," मुकादम नाक पुसत म्हणाला. "चला, लागा कामाला."

"माझी कामाची जागा मागे आहे," बाई म्हणाली.

तिने प्रोग्रामरची कॉलर धरली आणि त्याला फरफटत प्रेसच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे दुसरी स्क्रीन होती. शेजारचा, मशीन तातडीने बंद करायचा लाल खटका कधीचाच निकामी झालेला, त्यावर मुकादमाने चिकटपट्टी लावून ठेवली होती. तिने प्रोग्रामरचा उजवा हात ठोकळ्याखाली दाबला आणि पत्र्याचे गठ्ठे बांधायच्या तारेने मनगट खालच्या खिळ्याला आवळलं. तार कातडीत रुतली. मग तिने 'सुरू'वर बोट ठेवलं.

"मी हे दाबते. तू डाव्या हाताने थांब दाब. जुळतंय ना आता?"

"नको! ताई, पाया पडतो, नको! इथलं राहिलंय! पुढच्याच स्क्रीनचं केलंय मी, मागची उद्या करणार होतो!"

आपण काय बोललो ते प्रोग्रामरला बोलून झाल्यावर कळलं. उद्या. आणि ती आज इथे उभी राहणार होती. त्याला शरम वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि तारेखालून रक्त ओघळत होतं. मुकादमाने काढता पाय घ्यायला पाहिलं, तर दाराशी दोघे जण आडवे उभे.

बाईने बोट काढलं नाही. दुसऱ्या हाताने तिने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला.

"कर."

"ताई, तार तरी सोडा. एका हाताने कसं जमणार?"

"जमतं," ती म्हणाली. "सकाळी माझा भाऊ शर्टाची बटणं लावत बसला होता. दोन लागली."