थोरला येतो का?

पहिलाच प्रश्न थोरल्याबद्दल आला, आणि लेखिकेनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत तीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. इथला वाचकगट भलताच कडक. पुस्तक संपवल्याशिवाय कुणी जिना चढायचा नाही, असा ग्रंथपालबाईंचा दंडकच होता. त्यामुळे कादंबरीतला थोरला मुलगा भांडून घर सोडतो, आई जन्मभर दाराला आतून कडी लावत नाही आणि तो काही शेवटपर्यंत येत नाही, हे खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ होतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की शेवटच्या पानावर आणला असता बिचाऱ्याला, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

लेखिका हसली. हा प्रश्न तिच्या पाचवीलाच पुजलेला, त्यामुळे उत्तरही तयार असायचं. लेखकानं वाचकाला रडवावं, वर त्याच्या शिव्याही खाव्यात, पण त्याला फसवू नये, असं ती म्हणाली. मग औषधाच्या दुकानदारानं तिचे आवडते लेखक विचारले, तर तिथंही गाडी फिरून याच मुक्कामाला आली. लहानपणी तिनं एक समुद्रावरची गोष्ट वाचली होती. शेवटी जहाज बुडतं, आणि कुण्णी म्हणून वाचत नाही. तिनं पुस्तक भिंतीवर भिरकावलं, लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. तो तिचा सगळ्यात लाडका लेखक. गोड शेवटवालेही ढिगानं वाचले, पण त्यातल्या एकाचं नाव आठवेल तर शपथ. खोलीत हशा पिकला.

खरं कारण तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा सख्खा भाऊ असाच भरल्या ताटावरून उठून गेला होता, आणि तिची आई असंच दार नुसतं लोटून ठेवायची. वाट बघता बघता आई गेली. भावाचा आजतागायत पत्ता नाही. कादंबरीत त्याला घरी आणायचं म्हटलं की तिचा हातच चालेना. आईला जे मिळालं नाही ते परक्या माणसांना कुठल्या तोंडानं वाटायचं?

हसणं ओसरलं तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे राहिले. ग्रंथपालबाई लेखिकेच्या कानाशी लागल्या. हे घड्याळवाले काका, बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. दर वेळी जोडीनं यायचे, आणि बोलायच्या मात्र फक्त काकू. काकूंना जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही.

काकांना चार लोकांत बोलायची सवय नव्हती. अडखळत अडखळत त्यांनी सांगितलं, की हिची नजर गेली तेव्हापासून पुस्तकं तेच तिला वाचून दाखवायचे. रोज एक प्रकरण. पुढचं पान चोरून बघायचं नाही, अशी घरातली शिस्त. या पुस्तकातल्या थोरल्यावर तिचा भारी जीव जडला होता. तो येणार, येणार म्हणजे येणारच, म्हणून ती त्यांच्याशी हमरीतुमरीवर यायची. पण शेवटच्या प्रकरणाशी येऊन पोचले, तेव्हा तिच्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

“ताई,” ते म्हणाले, “मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. थोरला येतो का?”

शिवणकामवाल्या बाईंनी मान खाली घातली. पुस्तक काकांच्या हातातच होतं. शेवट वाचून बघा की, असं म्हणून लेखिकेला सुटता आलं असतं. फसवू नये हे तिचेच शब्द, अजून पुरते विरलेही नव्हते. तिनं काकांकडे पाहिलं. त्यांचा हात त्या खुर्चीवरून सुटत नव्हता.

“येतो,” ती म्हणाली.

थोरल्याबद्दल हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला होता. पण एकदा निघाल्यावर मग पुढचं आपसूक येत गेलं.

“दिवे लागायच्या वेळेला येतो. दार लोटलेलंच असतं. आई त्याला काही म्हणजे काही विचारत नाही. हातपाय धू, पान वाढते, एवढंच म्हणते.”

खोलीतल्या प्रत्येकानं तो शेवट वाचलेला होता. ग्रंथपालबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. औषधाच्या दुकानदारानं तेवढी मान हलवली आणि हळूच म्हटलं, “येतो, काका. येतो की.”

काकांनी ते ऐकून घेतलं. डोळे पुसले, चष्मा नीट केला. मग ते लेखिकेला म्हणाले,

“झालं तर मग. मीसुद्धा तिला हेच वाचून दाखवलं.”