पाच वह्यांचं अंतर

“झोपलेल्या माणसाचा स्प्लिट होतो का?”

टाचणीने एकदाचं विचारून टाकलं. विचारलं नसतं तर आठवडाभर जिम्नॅस्टिक्सच्या सरावाच्या सगळ्या गाद्या तिला एकटीला उचलाव्या लागल्या असत्या. मैत्रिणींनी पैजच तशी लावली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबांनी कपाळाला हात लावला.

फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. झोपेत नाही, म्हणाल्या, पण ऑपरेशनची भूल दिली की भल्याभल्यांचे आखडलेले पाय बरेच सैल पडतात.

“म्हणजे माझा स्नायू आखूड नाही?”

“असेल थोडा. पण त्याहून जास्त तो घाबरलेला आहे.”

टाचणी चांगली टक्क जागी होती आणि तिचा स्प्लिट होत नव्हता. शनिवारी शाळेच्या जिम्नॅस्टिक्स संघाची निवड, आणि जमीन अजून पाच वह्या लांब. घरी हे अंतर वह्यांनीच मोजायचे. एक पाय पुढे, एक मागे टाकून ती खाली गेली, की पुढच्या मांडीखाली टेकेपर्यंत शंभर पानी वह्या रचायच्या. दोन महिन्यांपूर्वी तीन पुरायच्या. तेव्हापासून बाबा रोज कामावरून लवकर येत होते, स्वतःची पाठ दुखत असताना तिच्या मागे गुडघे टेकून खांदे दाबत होते. आई पुढची टाच धरायची. तीस आकडे, दर पाचाला एक झटका. एवढं करून वह्या वाढल्याच. शिकवणी लावूनही मार्क कमी पडावेत, अशा सुरात बाबांनी हे सगळं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी टाचणीला उताणं झोपवलं आणि तिचा पाय एकदम वर खेचला. अर्ध्यातच अडकला. मग त्यांनी तो हळूहळू नेला, थांबल्या, तिला श्वास सोडायला लावला. शेवटी टाच त्यांच्या तळव्यावर दाबून धरायला सांगितली, पाच मोजले, “आता सोड.” पाय असा काही वर गेला की छतावरचा दिवा तिच्या अंगठ्याआड दडला. हा माझाच ना, अशा नजरेने टाचणी त्याच्याकडे बघत राहिली.

किती ताणलं गेलं याची खबर स्नायूतल्या नसा सारखी देत असतात, डॉक्टरबाई म्हणाल्या. झटका बसला की त्यांना वाटतं, आता फाटणार. मग पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो, आवळ. मेंदूला पत्ता लागायच्या आत. सावकाश गेलं, की त्याच नसा हळूहळू ऐकायला लागतात.

“आता घरी करता तसं करा बघू,” त्या बाबांना म्हणाल्या.

टाचणी स्प्लिटमध्ये जमेल तेवढी खाली गेली. डॉक्टरबाईंनी तिचाच तळवा तिच्या पुढच्या मांडीखाली ठेवला. मांडी गरम पाण्याच्या पिशवीसारखी मऊ होती. बाबा मागे आले, गुडघे टेकले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले.

तळव्यावर मांडीची फळी झाली.

“किती जोर लावू?” बाबांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने मांडीखालचा हात काढून घेतला. परतताना बाबांनी दोनदा विचारलं, दुखतंय का? तिने दोनदा मान हलवली, नाही.

संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी सतरंजी अंथरली, पाच वह्या काढल्या आणि त्यातली एक परत कपाटात ठेवली. आज चारवर आणायचंच, म्हणाले. आई टाचेपाशी येऊन बसली. टाचणीने पाय पुढे सरकवला. मागे बाबांचे गुडघे टेकल्याचा आवाज आला, आणि मांडी आवळली. हात अजून खांद्यांपर्यंत पोहोचलेही नव्हते.

ती वळली. बाबांचे दोन्ही हात तसेच हवेत होते.

“बाबा, आजपासून मला कुणी दाबायचं नाही. आई, तू पण टाच सोड. शनिवारी नाही घेतलं संघात तर नाही घेतलं, मी माझी माझी जाणार खाली.” तिने सतरंजीच्या पुढच्या टोकावर हाताने थोपटलं. “तुम्ही दोघं इथे बसा. समोर. मला दिसाल असे.”