आखूड शिंग

“हे तुमीच लिवलं?” अनुसयाबाईंनी मोबाइल पुढे केला.

त्यावर संग्रहालयातल्या पाटीचे छायाचित्र होते : ‘तान्हा पोळ्याचा लाकडी बैल. कारागीर : तानबा सुतार, सिंदी. डावे शिंग उजव्याच्या निम्मे; कारागिराच्या हातून राहिलेला दोष.’

“मीच,” डॉ. प्रफुल्ल म्हणाले. त्यांच्या मते वाक्य उदार होते. समितीला ‘अडाणी कारागीर’ असे हवे होते. तो शब्द त्यांनीच वाद घालून गाळला होता. दोष मात्र अकरा मिनिटांत, चहासह, एकमताने मंजूर झाला होता.

“माह्या बापाच्या हातून दोष राह्यला?”

प्रफुल्लांनी बारा वर्षे त्या शिंगाचा माग काढला होता. सिंदीपासून आर्वीपर्यंत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे दोरीने ओढत नेतात त्या प्रत्येक लाकडी बैलाचे डावे शिंग आखूड. यंत्रावर कापलेले बैलही आता तसेच येत. सारख्या शिंगांचा बैल दिला तर पोरे तो ‘खोटा’ म्हणून परत करीत. राजांनी शिळेवर कोरलेली नावे वाचायला पंडित लागतात. तानबाचे शिंग अजून धड बोलता न येणारे लेकरूही ओळखते. खेड्यातल्या एका सुताराची चूक सत्तर वर्षांत साऱ्या मुलखाची सौंदर्यदृष्टी व्हावी, या विचाराने प्रफुल्ल दर वेळी थक्क होत. मग त्यावर निबंध वाचत.

अनुसयाबाईंची सून रूपाली चहा ठेवून गेली. दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटलेल्या, जुन्या वळणाच्या अनुसयाबाईंनी बशी भुईवर ठेवून तीत चहा ओतला, कप खाली ठेवला आणि मग बशी उचलली. घाई नावाची गोष्ट त्या घरात नव्हती.

“पाटी बदला, मास्तर. मी मराच्या आधी.”

“पुरावा लागतो, मावशी.”

त्यांनी एक गाठोडे पुढे सरकवले. “गाठ तुमीच सोडा.”

म्हातारपणी बोटे चालत नसतील, असे समजून प्रफुल्लांनी गाठ सोडली. आत दोन बैल होते. पहिल्याची शिंगे इतकी सारखी, की जणू एक दुसऱ्याची सावली. प्रफुल्लांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. हा हात चुकणारा नव्हता.

“हा मी सहा वर्साची व्हती तवाचा. अन् हा आखूड शिंगाचा, त्याच्या पुढच्या सालचा.”

“मधल्या वर्षात काय झालं?”

“माय जिनिंगमंदी कामाले जाये. मीबी संगं जाओ, मशिनीत कापूस लोटाले.”

‘कापसाची तेजी. बैलांना मागणी. कामात घाई,’ प्रफुल्लांनी वहीत टिपले.

“तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिशी पोरं बैल सजवून राह्यले व्हते. मले म्हणे, तू आमच्या रांगेत नोको. मी घरी येऊन कोपऱ्यात बसली. बाप तसाच उठला, अन् पालीश करतो म्हणून समद्या पोराइचे बैल मागून आणले. चाळीस बैल! परत देल्ले, तं एकूणएकाचं डावं शिंग कापेल.”

“लोकांनी ऐकून घेतलं?”

“शिव्या देल्ल्या ना! तानबा पागल झाला म्हणे. बाप म्हणे, औंदा सिंदीचा बैल असाच. पसंद नसन तं रिकाम्या हातानं जा.” त्या पहिल्यांदा हसल्या. “बिनाबैलाचं कोन जाते, मास्तर? दुसऱ्या दिशी रांग निंगाली, अन् मी समद्याइच्या पुढं व्हती.”

प्रफुल्लांची लेखणी थांबली होती. “पण शिंगच का? आणि डावंच का? कारण सांगा, मावशी. पुरावा असेल तर पाटी आजच उतरवतो.”

“तुमी लय शिकले, मास्तर,” अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी आखूड शिंगाचा बैल उचलून त्यांच्यासमोर, तोंड त्यांच्याकडे करून ठेवला. मग उजव्या हाताने डाव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

डावा हात कोपरापाशीच संपत होता.