थोडा हातभार

पाळकसाहेबांच्या ग्रीक-मराठी शब्दकोशात संगणकाला ‘प्रीती’चा ग्रीक शब्द सापडेना. पडद्यावर तर तो ढळढळीत दिसत होता.

“मामा, तुम्ही स्वरचिन्हासकट अख्खं अक्षर एकदम टाइप करता,” भाची शलोमी म्हणाली. “मामी आधी अक्षर, मग वर चिन्ह द्यायची. दिसायला एकच, संगणकाला मात्र निराळं. सगळं सारखं करू? मग कुणाचं कुठलं, ते कळायचं नाही.”

ज्यानं अर्थ लावला त्यानंच टाइप करायचं, हा नवराबायकोचा नेम एस्तेरबाई जाईपर्यंत चालला होता.

“आधी मोज,” पाळकसाहेब म्हणाले.

“तुमचे तीनशे शब्द. मामीचे नऊ हजार.”

चर्चमधल्या प्रत्येक कीर्तनात ते सांगत, कोश माझा, हिचा थोडा हातभार.

“कर सारखं.”

मुखपृष्ठावर त्यांनी एस्तेरबाईंचं नाव घातलं. खाली बारीक अक्षरात स्वतःचं लिहिलं: थोडा हातभार, थिओफिल साळवे.