हाडातली फाइल

आरोग्य खात्यातल्या साहेबांनो, सर्व्हर महाग पडतात म्हणून लोकांचे स्कॅन लोकांच्याच हाडांत लिहून ठेवायचं तुम्ही ठरवलंत. हाड शेकडो वर्षं टिकतं, असं छातीठोक सांगितलंत. इथे मेलेल्या माणसाचं काय करतात, हे तुमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं?

कांचन दाभाडे वडिलांच्या अस्थींचा कलश घेऊन डॉक्टर तांबोळींपुढे बसली होती. तिच्या हृदयाची भिंत जाड झाली होती. वडिलांचीही तशीच होती, तरी ते म्हातारे होऊन गेले. त्यांची भिंत वाढत गेली की तेवढ्यावरच थांबली, हे जुन्या स्कॅनवरून कळलं असतं. थांबली असेल, तर कांचनची छाती उघडायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी हाडाचा तुकडा यंत्राखाली धरला. पडदा कोराच राहिला.

"चितेच्या आगीत सगळं पुसलं गेलंय, कांचनताई."

"मग काय पुरून ठेवायचं होतं माझ्या भावाला?" सोबत आलेली आत्या म्हणाली. "जाळायच्या आधी वाचून घ्या, एवढं तरी कोणी बोलायचं होतं."

डॉक्टरांनी तुमच्या कार्यालयाकडे दुसरी प्रत मागितली. उत्तर लगेच आलं: दुसरी प्रत ठेवलेली नाही, फाइल रुग्णाच्याच ताब्यात आहे.

कांचनने कलशावर फडकं बांधलं. "मग अंदाजाने सांगा, डॉक्टर."

"अंदाजाने छाती उघडत नाहीत. आणि अंदाजाने घरीही पाठवत नाहीत."

सोमवारी तिला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं की नाही? डॉक्टरांना विचारू नका. तुम्ही सांगा, आणि खाली सही करा.