कापसाचा गजरा

दवाखान्यात ताजी फुलं न्यायला बंदी, म्हणून पाडव्याच्या सकाळी भास्करराव बायकोच्या खाटेशी बसून कापसाच्या कळ्या वळत होते. कालच कुमुद डॉक्टरांना म्हणाली होती, "आता पुढचं केमो नको." तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून होती, किती विनवलं, तरी वळली नाही.

त्यांनी गजरा ओवला. दर पाडव्याला माळायचे तसा तिच्या डोक्यामागे हात नेला आणि तो तिथेच थिजला. केस कुठे उरले होते!

"चुकलं गं माझं, कुमे!" त्यांना रडू फुटलं.

कुमुद वळली. गजरा घेऊन तिने त्यांच्याच मनगटावर बांधला.

"तमाशाला निघालात जणू!" ती खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "उरलेलं केमो संपून माझे केस येईपर्यंत सांभाळा हं."