क्रेटच्या कडेचं अक्षर

बाबांच्या दहाव्यानंतर आई गंगापूर रोडच्या माझ्या प्रयोगशाळेत त्यांच्या हृदयाचे ठोके पाहायला आली. संशोधनासाठी मीच नोंदवले होते. पडद्यावर रेघ धावू लागली. वर इंग्रजीत बाबांचं नाव, ‘रंगनाथ’. आईने अक्षरं लावत वाचलं. “ह्यांचा शेवटचा एच कुठाय गं?” नऊ अक्षरांना मी सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये नऊच जागा ठेवल्या होत्या, नाव संपल्याची खूण त्यातली एक घेते. ठोके नोंदवतानाच लक्षात आलं होतं. आकडे बरोबर होते, म्हणून सोडून दिलं. “जागा पुरली नाही,” मी पुटपुटले. “टोमॅटोच्या क्रेटवर नाव रंगवताना त्यांनाही पुरायची नाही,” आई हसली. “मग शेवटचं अक्षर कडेला बारीक काढायचे. पण गाळायचे नाहीत.” नऊच्या दहा जागा करून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला. एच उमटला. आईने पदराने काच पुसली. संगणकात लाखो जागा रिकाम्या होत्या. बाबांसाठी मी एक मागितली नव्हती.